कोळीवाड्याचा अलार्म

मरोळच्या ऑफिसात मी नवीन लागले तेव्हा समोरच्या मोठ्या स्क्रीनवर दिवसभर लाल-पिवळ्या ओळी पडत असायच्या. उपनगरातले छोटे दवाखाने, शाळा, दुकानं यांचं नेटवर्क आम्ही सांभाळायचो. कुठे काही बिघडलं की सॉफ्टवेअर अलार्म द्यायचं. पण अलार्म इतके यायचे की कुणी ते वाचायचंच नाही. 'पाहिला' असं बटण दाबायचं की झालं.

साहेबांनी मला सांगितलं, यातले कामाचे तेवढे ठेव, बाकीचे साफ कर. मी जाम खूश झाले. आठवडाभर बसून एकेका अलार्मची मर्यादा, म्हणजे सिग्नल किती उतरला की तो वाजायचा ते, बदलत गेले. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला एक अलार्म मला फार छळायचा. तिथल्या दवाखान्याला शेजारच्या गच्चीवरच्या अँटेनातून इंटरनेट जायचं. रोज सकाळी दहाच्या सुमारास 'सिग्नल कमी' असा अलार्म यायचा आणि दुपारपर्यंत आपोआप जायचा. मी मर्यादा इतकी खाली नेली की तो गप्पच झाला. स्क्रीन स्वच्छ दिसायला लागली. साहेबांनी शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. तासभर काहीच चालत नव्हतं आणि आमच्याकडे एकही अलार्म नव्हता. शेजारी बसणाऱ्या ताईला, म्हणजे माझ्या सिनियरला, मी सगळं सांगून टाकलं. ती भांडुपची, बोलायला एकदम रोखठोक.

"अलार्म गप्प केलास ते ठीक," ती म्हणाली. "पण तो ओरडत का होता, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. आम्ही रिक्षा करून थेट वर्सोवा गाठलं.

गच्चीवर एक मावशी सुकत घातलेले बोंबील सारखे करत होत्या. तोंडात तोंड अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्या दोऱ्यांवर ओळीनं लटकत होत्या, आणि त्यातल्या तीन दोऱ्यांची टोकं आमच्या अँटेनाच्या खांबाला बांधलेली होती. खांब चांगलाच वाकला होता. ताई एकदा खांबाकडे बघत होती, एकदा बोंबलांकडे. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. सकाळी ओले बोंबील जड, म्हणून खांब वाकायचा आणि अँटेनाची दिशा चुकायची. ऊन चढलं की ते सुकून हलके व्हायचे आणि खांब पुन्हा सरळ. आदल्या दिवशी मासळी भरपूर आली होती, त्यामुळे आज तो जरा जास्तच वाकला.

मी मावशींना चाचरत समजावलं. वाटलं, आता ओरडणार.

"म्हंजे माझे बोंबील तुमचं इंटरनेट खातात म्हण की गो," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्यांची नात त्याच दवाखान्यात नर्स होती. सकाळी फोन करून ती वैतागली होती म्हणे, की आज रिपोर्टच उघडत नाहीयेत.

कोपऱ्यात पडलेला एक बांबू आम्ही तिघींनी मिळून कठड्याला घट्ट बांधला आणि दोऱ्या तिकडे हलवल्या. माझ्या ओढणीला दोन दिवस वास येत होता.

ऑफिसात परतल्यावर मी तो अलार्म पुन्हा नीट लावला. सिग्नल थोडा उतरला आणि दहा मिनिटं तसाच राहिला तर पिवळा, फारच उतरला तर लगेच लाल. संदेशाच्या जागी लिहिलं, 'आधी गच्चीवरच्या दोऱ्या बघा.' साहेबांनी ते वाचून मला बोलावलं. मी चूक कबूल करून सगळी हकिकत सांगितली, तर ते इतकंच म्हणाले की बाकीचे बंद केलेले अलार्मही एकदा जागेवर जाऊन बघून ये.

मग महिनाभर मी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत गच्च्या आणि जिने पालथे घातले. आधी स्क्रीनवरच्या नुसत्या ओळी होत्या, त्यांना आता दारं आणि माणसं आली. मावशींनी माझा नंबर घेऊन ठेवला होता. वारा जोराचा असला की त्यांचा फोन यायचा, "तुझा खांब हलतोय गो, बघ जरा." स्क्रीन तेव्हा हिरवीगार असायची. पिवळी ओळ पडायची ती त्यानंतर.