दिशा धरलेला थवा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच माणूस आहे. परसात, उलट्या बादलीवर बसलेला, टोपी मागे सरकवलेली, तोंड आभाळाकडे. मांडीवर मक्याच्या दाण्यांचा पत्र्याचा डबा. मागे विटांच्या ठेंगण्या घरांची रांग आणि कपडे वाळवायच्या दोऱ्या, सगळ्या रिकाम्या. फडफडत्या चादरीला बिचकून पाखरू खाली उतरत नाही, म्हणून शर्यतीच्या रविवारी आमच्या विणकर गल्लीतल्या बायका दोरीवर साधा रुमालही टाकत नसत. ब्रुसेल्सच्या मुलखातलं आमचं सगळं लिंडेकर्क गाव श्वास धरून बसायचं.

हा माणूस म्हणजे ओदील डोबेलारे. तागाच्या गिरणीत जन्म काढलेला, आणि शर्यतीची कबुतरं हा एवढा एकच नाद असलेला.

"आला का तुझा लाडका?" आतून बायको विचारायची, झुल्मा.

"गप्प. ऐकू दे."

"चाळीस वर्षं मी बोलतेय, ते कधी ऐकलं नाहीस. कबुतराचे पंख बरे ऐकू येतात!"

आणि तेवढ्यात, इतर कुणाला काही दिसायच्या आधी, ओदील डबा खुळखुळवायला लागायचा. शर्यतीसाठी फ्रान्समध्ये सोडलेलं पाखरू त्याच्या हातावर उतरायचं.

मग जर्मन आले. हुकूम निघाला की निरोप्या कबुतरं पाळायची नाहीत. मारायची आणि नंबराच्या कड्यांसकट त्यांचे पाय ठाण्यावर जमा करायचे. ओदीलकडे एकतीस होती. त्यानं खुराड्याचं दार आतून लावून घेतलं आणि सगळी स्वतःच मारली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. झुल्मानं त्यांचं सूप केलं. दोघं समोरासमोर बसली, चमचा कुणीच उचलेना.

"त्यांना पाय, आपल्याला सूप," ती त्याला हसवायला म्हणाली, आणि तिनंच तोंडावर एप्रन धरला.

कबुतरं गेली, पण मान वर करायची सवय राहिली. आता आभाळातून दोस्त राष्ट्रांची विमानं जायची, जर्मनीकडे. हवाई हल्ल्याचा भोंगा प्रत्येक विमानाला वाजायचा. मग तळघरांच्या झरोक्यांतून हाक यायची, "ओदील काय म्हणतो?" परसात उभा राहून तो सांगायचा, "उंच आहेत, जाताहेत पुढं." आणि ती जायचीच. दोन वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

"पाद्रीबाबांपेक्षा माझा तुमच्यावर विश्वास जास्त," शेजारची सिदोनी म्हणायची. ती विधवा होती, घरात एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची गोदेलीव्ह. "तुमचं प्रवचनही आखूड असतं."

चव्वेचाळीसचा मे महिना. मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. भोंगा झाला, गल्ली तळघरात उतरली. ओदील वर. दक्षिणेकडून चोवीस चंदेरी ठिपके आले. गावावरून त्यांनी एक मोठा फेरा घेतला आणि पूर्वेकडे वळून दिसेनासे झाले.

कबुतरं सोडली की थवा असाच एक फेरा घेतो. रस्ता शोधतो. एकदा दिशा धरली की मागे वळत नाही. उभ्या आयुष्यात ओदीलनं एकही थवा मागे वळलेला पाहिला नव्हता.

"धरली दिशा!" तो ओरडला. "या वर. आता परत येत नाहीत."

झुल्मा पायऱ्या चढून आली, लाकडी तळव्यांचे बूट वाजवत. "धोका टळल्याचा भोंगा अजून झाला नाही रे."

"भोंग्याला काय कळतंय!"

"बरं बाबा. मग स्टेशनाजवळच्या बेकरीत पहिला नंबर लावते. सगळे तळघरात बसलेत तोवर."

"थांबा मावशी, मी पण येते," गोदेलीव्ह कुंपणापलीकडून म्हणाली. तिनं आईकडे पाहिलं. सिदोनीनं पाहिलं ओदीलकडे. तो हसला, तशी सिदोनीनं मान डोलावली. दोघी कोपऱ्यावर वळल्या. झुल्मानं मागे न बघताच हात हलवला.

बारा मिनिटांनी विमानं परत आली.

पहिला फेरा फक्त जागा हेरायचा होता. बॉम्ब टाकायचे होते रेल्वेच्या यार्डावर. पण वारा होता, धूर होता, आणि पाव हवा असलेली माणसं रुळांपासून दोनशे पावलांवर उभी होती. ओदील परसात उभा होता. विमानं वळताना त्यानं पाहिली, आणि हातातला जुना डबा वेड्यासारखा खुळखुळवत राहिला. त्यात दाणे नव्हते, दोन खिळे होते.

शाळेच्या व्यायामशाळेत एकशे सहा जणांना ओळीनं ठेवलं होतं. झुल्मा बुटांवरून ओळखू आली. तळव्याला ओदीलनंच पट्ट्या ठोकल्या होत्या. गोदेलीव्हला सिदोनीनं ओळखलं. तिनं कुणालाही कशावरून ते सांगितलं नाही.

दफनाच्या दिवशी जर्मनांच्या वर्तमानपत्राचा माणूस फोटोवाला घेऊन आला. "आजोबा, तुमच्या तथाकथित मित्रांनी तुमच्या बायकोला मारलं. एवढंच म्हणा, आम्ही छापतो."

ओदीलनं टोपी काढली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ते येणार नाहीत, असं त्यांनी नव्हतं सांगितलं. मी सांगितलं."

ते छापून आलं नाही. ओदील सिदोनीकडे बघत राहिला. तिनं शिवी द्यावी, थोबाडीत मारावी, काहीतरी करावं. ती काळा रुमाल सारखा करून निघून गेली.

सप्टेंबरात गाव जर्मनांच्या ताब्यातून सुटलं. दोस्तांची विमानं छपरांना घासून जात होती, पोरी रणगाड्यांवर चढून नाचत होत्या. ओदील तळघरात बटाट्यांच्या पोत्यावर कान दाबून बसला होता. पायऱ्यांवर पावलं वाजली. सिदोनी आली, शेजारी बसली.

"तुम्ही या वर म्हणालात," ती म्हणाली. "जा म्हणणारी मी होते. पोरीनं माझ्याकडे बघितलं होतं, ओदील."

"तू माझ्याकडे बघितलंस."

"हो. बघितलं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही ते मागितलं नाही. पण त्या दिवसापासून दुपारची कॉफी ती त्याच्याकडे घेऊ लागली.

पुढे गल्लीत कबुतरं परतली, शर्यती सुरू झाल्या. कुणीतरी त्याला पिलांची जोडी आणून दिली. त्यानं ती दारातूनच परत केली. रस्त्यानं तो जमिनीकडे बघत चालायचा. पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

एक्कावन्नच्या मे महिन्यात त्याच्या छातीत कफ साठला. सिदोनी उशाशी बसून होती. रविवार होता, शर्यतीचा. बाहेर दोऱ्या रिकाम्या, पुरुष माना वर करून गप्प. तेवढ्यात खूप उंचावरून एक घरघर ऐकू आली.

ओदीलनं डोळे उघडले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं खिडकीतून वर पाहिलं.

"प्रवाशांचं विमान आहे," सिदोनी म्हणाली. "ब्रुसेल्सला चाललंय. जाईल पुढं."

त्यानं तिच्या एप्रनचं टोक मुठीत घट्ट धरलं. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला नाही सांगता येत, झुल्मा. तू तळघरातच थांब."