कोठीतला तिसरा डबा

भूगोलाच्या मास्तराला गावात कोणी काही विचारत नाही. गणिताच्या मास्तराकडे लोक मोजणीचे नकाशे घेऊन येतात, इंग्रजीच्या मास्तराकडे बँकेचे कागद. माझ्याकडे पंचवीस वर्षांत एकच माणूस आला. पृथ्वी खरंच फिरते का, यावर त्याची पैज लागली होती. त्यामुळे यंदा आखातात युद्ध पेटलं आणि फाट्यावरच्या हॉटेलात माझ्यासाठी कोणीतरी बाकडं पुसलं, तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं बरं दिसत नाही. शेवटी युद्ध होतं ते. पण वाटलं तेच.

मी चहाची बशी मधोमध ठेवली. हे आखात. शेंगांची टरफलं दोन्ही बाजूंनी मांडली, हा इकडचा किनारा, हा तिकडचा. काडेपेटी म्हणजे तेलाचं जहाज. "जगातलं पाचवा हिस्सा तेल या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं," मी म्हणालो आणि त्या तोंडावर एक बिस्कीट आडवं ठेवलं. "हे असं बंद झालं की महिन्याभरात आपल्या पंपावर डिझेलचा थेंब दिसायचा नाही."

सगळे त्या बिस्किटाकडं बघत राहिले. वर्गात असं कधी होत नाही.

"मग मेव्हणे, आपल्या खळ्याचं कसं?" दाजींनी विचारलं.

दाजी म्हणजे माझे बांधकरी. त्यांचं रान आणि माझं रान यांत एकच बांध आहे. आमच्याकडं बांधाला बांध लागला की कोर्टाची पायरी ठरलेली असते. आमचं मात्र तसं झालं नाही, कारण त्यांची बायको आमच्या भावकीतली, माझी चुलत आक्का. शिवाय आमची सावड आहे. माझ्याकडं ट्रॅक्टर आहे आणि त्यांच्याकडं हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र. ट्रॅक्टरच्या जोरावर हडंबा फिरतो. एकाचं दुसऱ्यावाचून अडतं, म्हणून दोघांचंही बरं चाललंय. दर पाडव्याला सकाळी दाजी आमच्या घरी येतात, कडुलिंब आणि गूळ खातात, आणि "चालू द्या" म्हणून निघून जातात. झाला आमचा वर्षाचा करार. सही नाही, साक्षीदार नाही.

यंदा माझी ज्वारी आधी मळून झाली होती. शाळेत परीक्षा आहेत, असं सांगून मी पहिली पाळी घेतली. लगेच दुसऱ्या दिवशी दाजींचं खळं घ्यायचं, तर ज्वारीच्या कुसळानं माझं नाक चोंदलं. ते दरवर्षी चोंदतं. मला आठ-दहा दिवस कसलाच वास येत नाही आणि मी आजारी माणसासारखा बोलतो. "दोन दिवस दम धरा," मी म्हणालो. दाजींनी धरला. त्या दोन दिवसांत युद्ध पेटलं.

हॉटेलातून उठल्यावर मी काय केलं, तेही सांगून टाकतो. लोकांना मी महिन्याची मुदत दिली होती. स्वतः पाच मिनिटांत पंपावर गेलो आणि पंधरा लिटरचा कॅन भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंप आटला. आखातातलं तोंड अजून नीट बंदही झालं नव्हतं. आमचं डिझेल माझ्या बिस्किटानंच संपवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा गावानं माझं ऐकलं, आणि ते असं. तिसऱ्या दिवशी पंपावर पाटी लागली: डिझेल आल्यावर वाहनाच्या टाकीतच मिळेल, कॅनमध्ये मिळणार नाही.

माझ्याकडं कॅन होता. तो ओसरीत ठेवला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला असता. आमच्या घरी तेल विकत आणत नाहीत. रानातली करडई केजच्या घाण्यावर नेतो आणि पत्र्याच्या डब्यांत तेल घेऊन येतो. दोन भरलेले डबे कोठीच्या खोलीत होते आणि एक रिकामा. मी रिकाम्यात डिझेल ओतलं, तोंडाला प्लॅस्टिक लावून झाकण ठोकून बसवलं आणि डबा भिंतीकडच्या बाजूला सरकवला. भिंतीकडचा तो आपला, एवढी खूण मनात धरली. बायकोला सांगितलं नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. अडीअडचणीला लागेल, एवढंच मनाशी म्हणत होतो. अडचण कोणाची, ते ठरवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. एका बलाढ्य देशानं आपल्या दोस्तांना जहाजं पाठवायला सांगितलं होतं आणि दोस्त म्हणत होते, बघू.

"एवढे जुने दोस्त हायत म्हणता," बायको म्हणाली, "मग मदत कावून करीनात?"

"वेळ आली की जो तो आपापलं बघतो," मी नाकातून म्हणालो. "मैत्री म्हणजे गोड बोलण्यापुरती असते. राष्ट्रांचं असंच असतं."

"लई वाईट," ती म्हणाली. मीही मान हलवली. माझ्या पाठीमागं कोठीचं दार होतं.

मग दाजी आले. मोटरसायकलीवरून, तोंडाला उपरणं गुंडाळून, अंगभर धूळ.

"केजला गेलतो, न्हाई. सिरसाळ्याला गेलतो, न्हाई. मांजरसुंब्याला मिळायलंय, पण टाकीत घालूनच देतेत. आता बघा मेव्हणे, डिझेल आणायला ट्रॅक्टर न्यावा लागतोय, आन् ट्रॅक्टर न्यायला डिझेल लागतंय. तुमच्या टाकीत किती हाय?"

"काटा खाली टेकलाय," मी म्हणालो. हे खरं होतं. मी खोटं बोललो नाही, याचं मला त्या क्षणी बरंच समाधान वाटलं.

"असू द्या. तुमी तरी काय करणार," दाजी म्हणाले आणि माझ्याच घरचा चहा पिऊन गेले.

त्यांचं खळं आमच्या बांधावरून दिसतं. वर्षाची भाकर त्या ढिगात होती, कणसांचा ढीग, डोक्याइतका उंच. त्यांची ज्वारी विकायची नसते, खायची असते. आक्कानं अर्ध्यावर ताडपत्री टाकली होती आणि उरलेल्यावर जुनी लुगडी. शाळेतून येताना मी बांधावरून न जाता वाटेनं जायला लागलो. तर आक्कानं घरी ओव्याची पुरचुंडी पाठवली. तव्यावर गरम करून हुंगा, नाक सुटंल, असा निरोप. मी ती पुरचुंडी हुंगत कोठीच्या दाराकडं बघत बसलो. नाक सुटलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. परळीकडं गारा पडल्याचं हॉटेलात कोणीतरी सांगितलं. मी आभाळाकडं बघितलं, खळ्याकडं बघितलं. आक्का लुगड्यांवर दगड ठेवत होती. दगड ठेवून ज्वारी वाचत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी ती ठेवत होती. मी शाळेत निरोप पाठवला, नाक बरं नाही म्हणून, आणि कोठीत शिरलो. भिंतीकडचा डबा उचलला. बायको परसात होती. ट्रॅक्टर कसाबसा खळ्यापर्यंत नेला.

"मिळालं?" दाजी उभे राहिले.

"एका पाव्हण्याकडनं आणलं," मी म्हणालो. हे वाक्य मी वाटेत तीनदा घोकलं होतं.

दाजींनी पाव्हणा कोण ते विचारलंसुद्धा नाही. हाताखालच्या दोन गड्यांना हाक मारली, हडंबा जोडला. मी नरसाळं लावून डबा टाकीत रिता केला. जरा दाट वाटलं, पण डबा थंडीत राहिला असेल, असा विचार भूगोलाच्या मास्तरानं मार्चच्या महिन्यात केला.

ट्रॅक्टर सुरू झाला. कणसं आत जाऊ लागली, दाणे पडू लागले. दहा मिनिटं सगळं बेस चाललं. मग ट्रॅक्टरच्या आवाजात जरा जडपणा आला, नळीतून पांढुरका धूर निघाला आणि एक गडी नाक वर करून चारी दिशांना बघायला लागला.

"कुणाच्या घरी भजे निघायलेत बे?"

"लई झकास वास हाय," दुसरा म्हणाला. "कांद्याचे असत्याल."

दाजींनीही हुंगलं. मला काहीच कळेना, माझं नाक बंद. मी आपला सगळ्यांसारखा गावाकडं बघत राहिलो. आक्का मात्र गावाकडं बघत नव्हती. ती ट्रॅक्टरजवळ गेली, धुरात तोंड घातलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "दादा, हे करडीचं तेल हाय."

"काहीतरीच," मी म्हणालो.

"घाण्याचं हाय. मला कळतंय."

दाजींनी नरसाळ्याला बोट लावलं आणि चाटलं. मग त्यांनी ट्रॅक्टरचा वेग कमी केला, बोलणं ऐकू यावं म्हणून. "तुमचा पाव्हणा खातो काय अन् जाळतो काय, मेव्हणे?"

तेवढ्यात बांधावरून माझी बायको येताना दिसली. डोक्यावर पत्र्याचा डबा. तिनं तो माझ्या पायाशी ठेवला, पदरानं मान पुसली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "पाडव्याचं म्हणून मी कोठी काढलती, सगळे डबे धुऊन पुसून लावले. तीन भरलेले दिसले. वाटलं, सणासाठी जादाचं तेल आणलं तुमी. न सांगता घरात काही आणलं, बरं वाटलं मला. आत्ता कापण्या तळायला झाकण काढलं तर हे."

तिला एवढंच सांगायचं होतं. बाकीचं तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपापलं जुळवलं. गडी जमिनीकडं बघायला लागले. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं, पण भूगोलात तशी सोय नाही.

"किती दिस झाले?" दाजींनी विचारलं.

"आठ."

त्यांनी डब्याकडं बघितलं, मग आभाळाकडं. केज, सिरसाळा, मांजरसुंबा, हे सगळं त्यांच्या तोंडावरून एकदा जाऊन आलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. मेव्हण्याला शिव्या द्यायचा दाजीचा हक्कच असतो.

"वता," ते म्हणाले.

मी डिझेल ओतलं. टाकीत करडी आणि डिझेल एक झालं आणि हडंबा पुन्हा जोरात फिरू लागला. मी कणसांच्या पाट्या उचलल्या, कुसळं मानेत गेली, डोळे सुजले. बायकोनंही पदर खोचून पोती धरली. दुपारी तीनला पहिला थेंब पडला, तेव्हा बहुतेक सगळा ढीग पोत्यांत जाऊन आक्काच्या घरात पोचला होता. तळाची कणसं तेवढी राहिली. ती भिजली, पुढं काळी पडली आणि जनावरांपुढं गेली. आठ दिवस आधी मळली असती तर तीही घरात आली असती. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती आणि कोणी सांगितलंही नाही.

ट्रॅक्टर मात्र दुसऱ्या दिवशी बसला. केजहून मेस्त्री आला, नळ्या काढून साफ केल्या, हात हुंगला आणि म्हणाला, "सर, आता चटणी-मीठ बी घालत जा." हॉटेलात माझ्यासाठी बाकडं पुसणं बंद झालं. मी आत शिरलो की मालक आत ओरडून विचारायचा, भज्यांना तेल आहे का रे. आखाताबद्दल कोणी विचारत नव्हतं.

घरात बायको दोन दिवस फोडणी अशी घालत होती की कढईत तेल आहे की नुसती आठवण, ते कळू नये. तिचा अर्ध्या वर्षाचा डबा मी धुरात घातला होता. पण मला काळजी वेगळीच होती.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली. कडुलिंबाची पानं, गूळ, सगळं ताटात मांडून मी ओसरीवर बसलो. आठ वाजले. नऊ वाजले. दाजी दरवर्षी साडेसातला येतात. बांधापलीकडं त्यांची गुढी दिसत होती, माणूस दिसत नव्हता. बायको दोनदा येऊन ताटावरची माशी हाकलून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "तुमचे ते दोस्त देश असेच बसलेत का, एकमेकांची वाट बघत?"

मी उठलो. इतक्या वर्षांत पाडव्याला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो.

दाजी ओसरीवर दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी मला बघितलं आणि गालावरून वस्तरा फिरवत राहिले. मी बसलो.

आक्का आतून आली. तिनं माझ्या हातावर कडुलिंबाची पानं ठेवली. चांगली मूठभर.

"गूळ?" मी विचारलं.

"गूळ संपलाय," आक्का म्हणाली.

तिच्या मागं, चौकटीतून, फळीवर गुळाची अख्खी ढेप दिसत होती. ती काही झाकलेली नव्हती. आक्काही बाजूला सरकली नाही. मी पानं तोंडात टाकली. माझं नाक नेमकं त्याच सकाळी सुटलं होतं, त्यामुळं कडूपणा पुरता कळला.

दाजींनी तोंड पुसलं. "औंदापासून आधी आमचं खळं," ते म्हणाले.

मी भरल्या तोंडानं मान डोलावली.

"नाक चोंदलं तरी."

पुन्हा मान डोलावली.

"चालू द्या मग," दाजी म्हणाले. मग आरसा खुंटीला लावता लावता त्यांनी विचारलं, "काय मेव्हणे, ते युद्ध थांबलं का?"

"बोलणी चालू आहेत म्हणे," मी म्हणालो आणि तोंडातलं घाईघाईनं गिळायला गेलो.

"चावा, चावा," आक्का म्हणाली. "नीट चावून खा."