बोलावणं न आलेलं गाव

डोंगररांगेच्या कोरड्या बाजूला, गव्हाच्या टेकड्यांमध्ये अर्लिस क्नुटसनचं गाव आहे. गावात धान्याचं कोठार, दोन चर्च आणि गावापेक्षा मोठं हार्लन स्टेट कॉलेज. अर्लिसनं उभा जन्म शाळेची बस चालवली. मूलबाळ झालं नाही. नवरा व्हर्न गेला तेव्हापासून घरात रेडिओ सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत चालू असायचा. ऐकायला नव्हे, आवाज असावा म्हणून.

तिच्या वर्षाला एक सण मात्र होता. नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी हार्लनचा अमेरिकन फुटबॉलचा सामना व्हायचा, डोंगरापलीकडच्या, पावसाळी समुद्रकाठच्या बेकर बे युनिव्हर्सिटीशी. एका वर्षी इथे, दुसऱ्या वर्षी तिथे. दोन्ही कॉलेजं एकाच कॉन्फरन्समधली, म्हणजे ठरलेल्या गटातली, त्यामुळे गाठ चुकायची नाही. सकाळपासून स्टेडियमबाहेरच्या मैदानात लोक पिकअपची मागची फळी पाडून शेगड्या पेटवायचे. तिथेच ग्लेन ओकामोटो तिला भेटला होता.

ग्लेन बेकर बेचा. फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करता करता निवृत्त झालेला. एका वर्षी त्याची गाडी बर्फात रुतली आणि व्हर्ननं दोर लावून ओढून काढली. तेव्हापासून दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी लागत.

"काय गं शेतकरीणबाई, यंदा तरी बॉल झेलता येतो का तुमच्या पोरांना?" तो आल्या आल्या सुरू करायचा.

"तू आधी अंग वाळव, बेडूकराव. मग तोंड उघड."

अर्लिस पातेलंभर चिली आणायची, तिखट, खिमा आणि राजमा घातलेली, आणि बरोबर दालचिनीचे गोड रोल. ग्लेन दरवर्षी नाक मुरडायचा. "हे दोन्ही एकत्र माणसं खातात?"

"माणसंच खातात. म्हणून तर तुला आग्रह केला नाही."

मग तोच सर्वांत जास्त खायचा.

व्हर्न गेला त्या नोव्हेंबरात तिला वाटलं होतं, हा आता गंभीर चेहरा करून सांत्वन करील. ग्लेननं तसं काही केलं नाही. व्हर्नची घडीची खुर्ची त्यानं स्वतः उतरवली, तिच्या शेजारी उघडून ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या कोचला बस चालवायला दे, आणि तू टीम चालव." अर्लिस इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

पुढे एका उन्हाळ्यात बातमी आली. बेकर बेला पूर्वेकडच्या बड्या कॉन्फरन्सनं बोलावणं धाडलं होतं, आणि ती निघाली होती. महिना उलटायच्या आत बाकीची कॉलेजंही वाट मिळेल तिकडे गेली. हार्लनला कुणी विचारलं नाही.

कॅफेवाला रँडी कॉफी ओतता ओतता म्हणाला, "नाचाच्या रात्री सगळ्या पोरींना कुणी ना कुणी घेऊन गेलं. आपण भिंतीला टेकून उभे."

"पण बेकर बेशी सामना तर होईल ना?" अर्लिसनं विचारलं.

"त्यांच्याकडे तारीख मोकळी नाही म्हणे."

त्या नोव्हेंबरात समोर आली कुठल्यातरी दक्षिणेतल्या कॉलेजची टीम. पाहुण्यांचा एकही माणूस मैदानात दिसला नाही. एवढ्या लांबून कोण येणार? अर्लिसनं नेहमीच्या जागी पिकअप लावली. शेजारची जागा दुपारपर्यंत रिकामी होती, मग तिथे कुणीतरी फिरतं शौचालय आणून ठेवलं. चिली तशीच घरी परत आली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत ग्लेनचा फोन नंबरसुद्धा आपण घेतला नाही. गरजच पडली नव्हती.

पुढच्या शरदात एका शनिवारी तिनं पातेलं गाडीत ठेवलं आणि घाट ओलांडला. बेकर बेच्या स्टेडियमबाहेर ती हार्लनचं लाल जाकीट घालून फिरू लागली तेव्हा एक तरुण ओरडला, "आजी, तुमची टीम इथे खेळत नाही आता!"

"टीमला नाही शोधत. ग्लेन ओकामोटो नेहमीच्या जागी दिसत नाही, कुठे आहे?"

एका म्हाताऱ्यानं मान हलवली. "ग्लेननं सोडलं यायचं. म्हणाला, समोरचे कोण ते मला ठाऊक नाही, त्यांना शिव्या कशा देऊ? फेरीच्या धक्क्यावर, हिरव्या दाराचं घर."

दार ग्लेनच्या बायकोनं, मर्नानं उघडलं. तिला फुटबॉलचा तिटकारा होता, ती कधी सामन्याला आली नव्हती. तिनं अगत्यानं चहा केला. भिंतीवर नातवंडांचे फोटो होते, कोपऱ्यात अर्धवट जोडलेलं लाकडी जहाज. हाही आपल्यासारखाच एकटा बसला असेल, असं अर्लिस घाटभर मनाशी धरून आली होती.

ग्लेन सोफ्यावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला. "प्रवास बरा झाला ना?"

"हो. रस्ता मोकळा होता."

"गहू कसा आहे यंदा?"

"बरा आहे."

"बेडूकराव" तिच्या ओठांवर आलं होतं, पण मर्नासमोर ते उगाच खटकलं असतं. कप रिकामा होताच ती उठली.

ग्लेन गाडीपर्यंत आला. बारीक पाऊस पडत होता. पिकअपमागचं पातेलं त्याला दिसलं. त्यानं न विचारता फळी पाडली, झाकण उघडलं.

"रोल आणलेस?"

"तुला कुठे आवडतात?"

"नाही आवडत. दे."

दोघं भिजत फळीला टेकून उभ्याउभ्या खात राहिली. हार्लनचा नवा कोच किती बावळट आहे यावर त्यांचं चांगलंच वाजलं. मर्नानं खिडकीतून हाक मारली तेव्हा ग्लेन म्हणाला, "इथे जमतं बघ. आत नव्हतं जमत."

"आत भांडायला काही नव्हतं," अर्लिस म्हणाली.

नंबर घेतले गेले. तो दोनदा फोन करून बोलला. फोनवर दोघंही हवामानापलीकडे गेली नाहीत. वसंतात कॉलेजांनी जाहीर केलं की सामना पुन्हा होणार, सहा वर्षांनी, दोन्ही गावांपासून दूरच्या एका मोठ्या शहरात. ग्लेनचा तिसरा फोन आला.

"ऐकलंस? सहा वर्षं!"

"तोवर तू चालशील तरी का रे?"

"तू आधी स्वतःचं बघ," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. मग त्यानं फोन ठेवला.

अर्लिस अजूनही हार्लनच्या सामन्यांना जाते. बाहेरच्या मैदानात आता थांबत नाही. सामना सुरू व्हायच्या जरा आधी घरून निघते, सरळ दारातून आत जाते आणि पाहुण्या टीमचं नाव फलकावर वाचून घेते.