सत्कुलीन प्रोफेसर पाहिजे

आत सात पाट मांडले होते. बाहेर व्हरांड्यात, चपला काढतात त्या जागेला लागून, एक. स्वयंपाक्याने मला त्या एकाकडे बोट दाखवलं.

मी मूर्ख. मला वाटलं, उत्सवमूर्तीचा पाट वेगळा असतो. दिवसच तसा होता. तागाच्या दलालीवर गबर झालेल्या कलकत्त्याच्या एका जमीनदाराने मरताना विद्यापीठाला देणगी ठेवली होती, वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरशिपसाठी. त्याच्या नावाची प्रोफेसरशिप, दर तीन वर्षांनी नव्याने भरायची. ती ज्याला मिळते तो जमीनदाराच्या जयंतीला त्या घरी जेवतो. जेवणं झाली की थोरला मुलगा, सगळे त्याला बडोबाबू म्हणतात, उठून नाव जाहीर करतो. या खेपेला नाव माझं होतं. निवडसमितीने एकमताने दिलेलं. नऊ वर्षं मी बजबजच्या पलीकडच्या शेतांत गुडघाभर चिखलात उभा राहून तागाच्या मूळकुजीवर काम केलंय. परदेशातल्या परीक्षकाने लिहिलं होतं, या विषयात हिंदुस्थानात दुसरा माणूस नाही.

तेव्हा बसलो ऐटीत. दोन घास खाल्लेसुद्धा. मग पाण्यासाठी हात पुढे केला, तर मातीचं भांडं. आत बघितलं. आत सगळ्यांना काशाची ताटं, काशाचे पेले. मला केळीचं पान.

तिसरा घास हातातच राहिला. शी! त्या दोन घासांची मला अजून लाज वाटते.

आत दारासमोरच्या पाटावर जोशी बसले होते. बँकेतले साहेब, पुण्याहून बदलून आलेले, बडोबाबूंकडे रोजची उठबस. आठवड्यापूर्वी हेच जोशी माझ्या डमडमच्या खोलीवर पेढे घेऊन आले होते. "आपल्या मराठी माणसाला मिळालं हो! छाती फुगली आमची." मग हळूच, "गाव कुठलं तुमचं? घर कुठल्या आळीला?" मी सांगितलं, महारवाड्यात. लपवायचंय काय त्यात? बंगाल्यांनी कधी विचारलंच नव्हतं, त्यांच्या लेखी मराठी प्रोफेसर म्हणजे ब्राह्मणच. जोशींनी चहा तसाच ठेवला आणि उठले. त्यांना म्हणे एकदम उशीर झाला होता.

आणि आता ते मान खाली घालून माशाचा काटा काढत होते. पुण्याचे ब्राह्मण! त्यांना मासा चालतो, मी चालत नाही.

बाकीच्यांपैकीही कुणी वर बघितलं नाही. त्यांतले तिघे माझ्या निवडसमितीवर होते. माझे निबंध वाचताना त्यांना त्यात माझी जात कुठे सापडली नव्हती. पानावर बरोबर सापडली.

मी उठलो. तर स्वयंपाकी म्हणाला, "पान तुम्हीच उचला, बाबू. मागच्या दाराने नेऊन टाका."

माझी आई जन्मभर गावातल्या लग्नांत उष्ट्या पत्रावळी उचलत आली. त्यातलं उरलंसुरलं खाऊन मी वाढलो. मला शाळेत घातलं त्या दिवशी ती म्हणाली होती, "तू नाही रे उचलायचं." आणि इथे, डॉक्टरेट घेऊन, एवढी वर्षं कॉलेजात शिकवून, तेच.

"नाही उचलणार," मी म्हणालो. बंगालीत, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मराठीत, एकट्या जोशींसाठी, "जपून हो जोशी, काटा अडकेल." चपला घातल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. भला माणूस आहे, असं सगळे म्हणतात. वाईट वागायला जी हिंमत लागते तीसुद्धा त्यांच्यात नाही.

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "दानपत्रात अट आहे. प्रोफेसर सत्कुलीन पाहिजे आणि जयंतीला घरच्यांच्या पंगतीला बसला पाहिजे. विद्यापीठ काय करणार?"

"मग मला जेवायला बोलावलंत कशाला?"

"तुम्हाला आपणहून कळावं म्हणून. कुणाला तोंडाने बोलायला लागू नये."

असं निर्लज्जपणे बोलले आणि वर तोडही काढली. "तुम्हाला मानद प्रोफेसर करतो. झगा, मानपत्र, पदवीदान समारंभात नाव. थाट तोच."

"आणि प्रयोगशाळा?"

ती देणगीवाल्या प्रोफेसरची. तो कोण, असं विचारलं तर खिडकीकडे बघत त्यांनी नाव सांगितलं. त्या गृहस्थाने तागाचं रोप फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलंय. पण कूळ चांगलं. म्हणजे चिखलात मी उभं राहायचं, प्रयोगशाळा त्याची, आणि मला झगा. थू असल्या झग्यावर!

"मानद नको," मी म्हणालो. "मला प्रोफेसरशिप नाकारली असं लिहून द्या. कारणासकट."

ते दचकलेच. "अहो, असं कुणी लिहितं का? घटना झालीय आता. अस्पृश्यता गुन्हा आहे."

"म्हणूनच मागतोय."

त्यांनी लिहिलं नाही. वर कुलगुरूंकडे गेलो, तिथेही नाही. सगळे हसून बोलले, चहा पाजला, कागद कुणी दिला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना जात हवी आहे, फक्त तिच्याखाली सही नको आहे. एवढे ज्ञानाचे डोंगर, आणि एका ओळीला घाबरतात.

तीन वर्षांनी ही जागा पुन्हा निघेल. मी पुन्हा अर्ज करीन. पहिल्या ओळीत माझं नाव, दुसऱ्या ओळीत महार, त्याखाली माझं काम. नाही म्हणाले तर कारण लेखी मागीन. पुन्हा तीन वर्षांनी, पुन्हा तेच. केस पिकोत, दात पडोत. मला हाकलायचं असेल तर त्यांना ती ओळ लिहावी लागेल आणि खाली स्वतःचं नाव घालावं लागेल. तो कागद हातात पडेपर्यंत मी कलकत्ता सोडत नाही.