ओली शाई

नागपुरात महाल भागातल्या शाळेत, मतदानाच्या रांगेत, तो म्हाताऱ्या आईचा हात धरून माझ्यापुढे उभा होता. राहतो इंग्लंडात, बोलणं अस्सल नागपुरी. उत्साह इतका, की आम्हाला रांग जड वाटेना.

"तिकडं राजा हाये ना भाऊ, मले तोच नको हाये! देशाचा प्रमुख लोकांनी निवडला पाहिजे. दरवर्षी फलक घेऊन बोंबलतो मी."

"मग तिथलं नागरिकत्व?"

"घेतलं ना. त्याच राजाच्या निष्ठेची शपथ घेऊन! इथलं मत गेलं."

आत आईच्या बोटाला शाई लागली आणि यानं सवयीनं आपलंही बोट पुढे केलं.

"तुमचं नाव नाही यादीत," मतदान अधिकारी म्हणाले.

त्यानं बोट मिटून घेतलं.

बाहेर येताच आईनं आपलं ओलं बोट त्याच्या बोटावर घासलं.

तो जागच्या जागी नाचलाच. "आता हे दाखवतो राजाले!"