पौर्णिमेपासून पाडव्यापर्यंत

माझ्या आजाराचं नाव ठरलं तेव्हा माझी बायको बोटांवर दिवस मोजत होती.

मी वॉर्डातल्या खाटेवर बसलो होतो. समोर स्टुलावर मानसोपचाराच्या डॉक्टर. तिशीच्या, घाटावरून नुकत्याच रत्नागिरीत आलेल्या. त्यांनी वृंदाला विचारलं होतं, "काका कधी फार कमी झोपून फार उत्साहात होते का? नीट आठवा."

"तसं काही नाही हो," वृंदा म्हणाली. "म्हणजे मागच्या शिमग्यात जागे होते. पण शिमग्यात कोण झोपतं?"

"शिमगा म्हणजे होळीच ना? एक दिवस?"

वृंदाला त्यांची कीव आली. "एक दिवस कुठला! आमच्या वाडीत पालखी घरोघर फिरते. पौर्णिमेपासून पाच दिवस तरी कुणाचा डोळा लागत नाही."

"बरं, पाच दिवस. मग हे झोपले कधी?"

वृंदाचा अंगठा बोटांच्या कांड्यांवरून सरकू लागला. एक हात संपला, दुसरा संपला, पुन्हा पहिला सुरू झाला. "पाडव्याला," ती म्हणाली. आणि मग हळूच, स्वतःशीच, "अगं बाई."

पौर्णिमेपासून पाडव्यापर्यंत पंधरा दिवस होतात. गावाचा शिमगा पाच दिवसांत संपला होता. माझा त्यानंतर दहा दिवस चालू होता आणि घरात, कचेरीत, वाडीत कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. डॉक्टरांनी फाइलीवरचं जुनं नाव एका रेघेने खोडलं.

हे लिहितो आहे ते ज्यांच्या हातात अशी फाइल आहे किंवा उद्या येईल त्यांच्यासाठी. आजारावर मात केल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतली माणसं शेवटी डोंगर चढतात. मी दवाखान्याचा जिना चढतो, तोही कठड्याला धरून. तेव्हा कुणी फार उमेद घेऊन पुढे वाचू नये.

मी एका लहान सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांना क्रमांक देणं आणि ती आपापल्या फळीवर ठेवणं हा माझा तीस वर्षांचा उद्योग. श्रावण लागला तेव्हा वय सत्तावन्न होतं. पहिलं लक्षण असं की मी वाचायचा थांबलो. एक परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात आठवेना. मग जेवण कमी झालं. पहाटे तीनला जाग यायची ती कायमची. सौंदाळा माशाच्या कालवणाची चव लागेनाशी झाली, तेव्हा वृंदा खरी घाबरली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड, साखर, बी ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व. बी ट्वेल्व्ह कमी निघालं. सगळ्यांना हायसं वाटलं. आजाराला आकडा असला की घराला बरं वाटतं. पाच इंजेक्शनं झाली, आकडा वर गेला, मी होतो तिथेच.

गावाहून थोरला भाऊ आला. "बाळू, तुला काय कमी आहे रे?" त्याने विचारलं. मग माझ्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "माझं ऐक. राखणदाराला नारळ दे. बाहेरचं असेल तर निघून जाईल."

दादाच्या पद्धतीत आजाराचे दोनच वर्ग आहेत, घरातलं आणि बाहेरचं. वाडीची राखण करणाऱ्या त्या देवाला नारळ दिला. पुढे मी जी वर्गीकरणं पाहिली त्यांच्या तुलनेत ही सुटसुटीत होती, आणि नारळाने पोट बिघडलं नाही. पण गुणही आला नाही.

गणपती झाल्यावर मी पहिल्या मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. भले गृहस्थ, इथलेच. त्यांनी निदान सांगितलं, 'मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर'. म्हणजे तीव्र नैराश्य. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, शिवाय झोप, भूक, एकाग्रता, स्वतःविषयीचं मत अशा यादीतल्या काही गोष्टी बिघडलेल्या. यादीतल्या पाच जमल्या तर नाव मिळतं. माझ्या सात होत्या. शाळेत असे गुण कधी मिळाले नाहीत.

त्यांनीही विचारलं होतं, "कधी उलटं झालं होतं का? फार आनंद, फार जोर?" मी म्हणालो, "नाही." खोटं बोललो नव्हतो. वृंदाने शिमग्यातलं जागरण तेव्हाही सांगितलं. डॉक्टर हसले. "शिमग्यात मीही झोपत नाही, वहिनी." आम्ही तिघेही हसलो. तिघेही इथलेच होतो.

गोळ्या सुरू झाल्या. 'अँटिडिप्रेसंट', म्हणजे नैराश्य उतरवणारं औषध. तिसऱ्या आठवड्यात मी उठून बसलो. चौथ्यात कामावर गेलो. वाचनालयाच्या सभेत अध्यक्षांना त्यांच्याच भाषणातल्या व्याकरणाच्या चुका उभं राहून सांगितल्या. लोक म्हणाले, साहेब बरे झाले. मी तीन तास झोपत होतो, डोक्यात एकाच वेळी चार रेडिओ लागले होते आणि ताटावर बसून मला रडू यायचं. मग एका आठवड्यात मी कोसळलो, पहिल्यापेक्षा खोल. गोळीचा डोस वाढवला. काही झालं नाही.

त्या काळाचं वर्णन करत नाही. इतकंच सांगतो की जगण्याचा कंटाळा आला होता आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. वृंदाने कपडे आवरताना सहज विचारलं, "अहो, तुम्हाला मरावंसं वाटतं का?" जसं ‘चहा हवा का’ विचारावं तसं. मी "हो" म्हणालो. तिने हातातला सदरा घडी करून ठेवला आणि रिक्षा बोलावली. कुणी असं विचारलं तर खरं सांगा, आणि तुम्ही घरचे असाल तर विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शिरायचा तो आधीच शिरलेला असतो.

असा मी वॉर्डात आलो आणि घाटावरच्या त्या डॉक्टर भेटल्या. त्यांना शिमगा माहीत नव्हता, म्हणून त्यांनी 'मग हे झोपले कधी' हा प्रश्न विचारला. इथला माणूस तो विचारणार नाही. काही गोष्टी माहीत असण्याचाही तोटा असतो.

नवं नाव होतं 'बायपोलर टू डिसऑर्डर'. म्हणजे द्विध्रुवीय आजाराचा दुसरा प्रकार. मन एका टोकाला खोल जातं, दुसऱ्या टोकाला चढतं. पहिल्या प्रकारात चढलेला माणूस घरदार विसरतो, कधी भास होतात, भरती करावं लागतं. दुसऱ्यात चढ थोडा कमी असतो, त्याला 'हायपोमेनिया' म्हणतात. किमान चार दिवस टिकला तर तो धरायचा. अशा माणसाला नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर ते कधी कधी पेटत्या चुलीत रॉकेल ओततं.

"हे आटोक्यात राहतं, पण मुळातून जाणारं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लिथियम सुरू करू. मूड स्टॅबिलायझर आहे, म्हणजे मन मधल्या पट्ट्यात ठेवणारं औषध. पण काका, ते तुम्ही घेत राहिलात तरच उपयोग."

मी म्हणालो, "घेणार नाही."

कारण सांगतो. त्या पंधरा दिवसांत मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं होतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची परदेशी दशांश पद्धत आपल्या लोकांच्या कामाची नाही असं मला अचानक दिसलं, आणि मी अख्खं वाचनालय नव्याने लावलं. विषयाप्रमाणे नाही, वाचणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे. आशा, विषाद, भय, कुतूहल, अशा अकरा फळ्या. सहा हजार पुस्तकं, एकट्याने. वर्तमानपत्रात 'अभिनव प्रयोग' म्हणून बातमी आली. वैशाखात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि प्रमुख पाहुण्यांचं स्वतःच्या वाचनाविषयी पाऊण तासाचं भाषण. सत्कारांविषयी माझं मत फारसं बरं नाही, पण ती शाल मी घरी घडी मोडून दोनदा पाहिली होती. आता या बाई सांगत होत्या की तो सत्कार एका लक्षणाचा होता. गोळी घ्यायची म्हणजे ते कबूल करायचं. मग माझ्याकडे उरतं काय? श्रावणातला माणूस.

मी वादाला बसलो. फोनवर निकष वाचले. निदानाचे दोन जाड ग्रंथ आहेत, काही वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती निघते. एका आवृत्तीतला आजार पुढच्या आवृत्तीत आजार राहत नाही. दोन आजार एक होतात, एकाचे दोन होतात. चारच दिवस का, तीन का नाहीत? हे समितीने ठरवलेलं आहे, आणि समित्यांबरोबर मी तीस वर्षं काढली आहेत.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "रक्तात दिसेल अशी खूण आमच्याकडे नाही. माणसं काय सांगतात त्यावरून आम्ही गट पाडतो. गट कच्चे आहेत. पण तुमच्याकडे पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं तर सापडत नाही, एवढंच. आमच्याकडे चुकीचं औषध जातं. तुम्हाला गेलं."

तरी गोळी मी उशीखाली ठेवली.

वॉर्डातल्या सहाव्या दिवशी शेट्येबाई भेटायला आल्या. त्या माझ्या हाताखालच्या, वाचनालयाचा काउंटर सांभाळतात. सोबत शहाळं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, पण त्या उठेनात.

"सर, रागावणार नसलात तर एक विचारू? एक आजोबा रोज येऊन परत जातायत. काजूवरच्या रोगांचं पुस्तक पाहिजे त्यांना. बाग जातेय म्हणतात. मी शेती शोधलं, पण आता शेती अशी फळीच नाही."

मी डोळे मिटले. ती पुस्तकं लावताना मला काय वाटलं होतं ते लख्ख आठवलं. "विषाद बघा," मी म्हणालो. "खालून दुसरी ओळ."

"विषाद? काजू?"

"पिकावर रोग म्हणजे... बागवाल्याला विषाद होतो ना."

शेट्येबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना. मग त्यांना वाटलं आपण आजारी माणसाला हसतोय, आणि त्या ओशाळल्या. "आणि सर, आयकरावरची पुस्तकं कुठं? भयमध्ये?"

"भयमध्ये."

आता मीही हसलो. पलीकडच्या खाटेवरचा माणूस वळून बघू लागला. मग मी विचारलं, "बाई, खरं सांगा. ही पद्धत कुणाला कळली का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "लोक विचारून नेतात, सर. तुम्ही होतात तोवर तुम्ही सांगायचात. तुम्हाला सगळं पाठ होतं. आता..." आणि शहाळं माझ्याकडे सरकवत, "तुमचा सत्कार झालेला, म्हणून कुणी बोललं नाही."

म्हणजे सहा हजार पुस्तकं होती, आणि त्यांची यादी एकट्या माझ्या डोक्यात होती. ते डोकं श्रावणात बंद पडलं, तेव्हा वाचनालयही बंद पडलं होतं. दार तेवढं उघडं होतं. तो म्हातारा बाग जाताना बघत रोज पायऱ्या चढत होता.

शेट्येबाई गेल्यावर मी उशीखालची गोळी पाण्याबरोबर घेतली. त्यात शहाणपण नव्हतं. ज्या पंधरा दिवसांसाठी भांडत होतो ते तितके चांगले नव्हते, हे कळलं होतं. त्याचं दुःख अजून आहे. कुणी मेल्यावर होतं तसलंच, फक्त त्याला भेटायला कुणी येत नाही.

लिथियमविषयी थोडं, कारण नंतर हेच उपयोगी पडेल. ते रक्तात ठरावीक प्रमाणातच चालतं. कमी असेल तर गुण नाही, जास्त झालं तर विषबाधा. म्हणून 'सीरम लिथियम लेव्हल' ही रक्ततपासणी करतात. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी घेण्याआधी. मूत्रपिंड आणि थायरॉईडही मधूनमधून तपासतात. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम बंद करायचं नाही, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. उलट्या-जुलाब झाले किंवा हात फार थरथरू लागले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. माझा हात थोडा थरथरतो. कपातला चहा बशीत सांडतो. जुनी गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली.

महिन्याभराने कामावर गेलो. शेट्येबाई आणि मी वाचनालय पुन्हा दशांश पद्धतीने लावतो आहोत. दिवसाला एक फळी, जास्त नाही. काजूचं पुस्तक आजोबांना मिळालं होतं, पण तोवर बाग अर्धी गेली होती. परत करताना ते म्हणाले, "पुस्तक चांगलं हाय. जरा लवकर पाहिजे होतं."

आता मी बरा आहे. बरा म्हणजे मधल्या पट्ट्यात. तिथून फार लांबचं दिसत नाही. कधी एखादा दिवस उजाडतो, आभाळ स्वच्छ असतं, पोफळींवरचं ऊन चांगलं दिसतं, आणि काहीतरी नवीन करावंसं वाटतं. पूर्वी त्याला मी आनंद म्हणायचो. आता तो आनंदाचा आनंद आहे की आजाराचा, हे माझं मला कळत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवून घ्यावा लागतो.

परवा असंच झालं. लवकर जाग आली, अंग हलकं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"वृंदा, बघ जरा. मी बरा दिसतोय की जास्त बरा?"

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांत, हातांकडे. काल किती वाजता झोपलात विचारलं, किती वाजता उठलात विचारलं. मनात वजाबाकी केली.

"नुसते बरे दिसताय," ती म्हणाली. "बसा. धिरडी गरम आहेत."

मी बसलो. भूक लागली होती.