डावी बाजू सांभाळत नरडाणा ते जळगाव

माझे शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर तर कोंबडीने उकिरडा उकरावा तसे आहे. त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मी त्या रस्त्याने एकटी जायला भ्यायचे. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या आमच्याकडची एखादी बाई त्याच गाडीने, माझ्यासारखीच पिशवी छातीशी धरून निघाली, तर तिला पुढची स्टेशने ठाऊक असावीत, एवढ्यासाठी लिहिते.

डाव्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. औषधाच्या सुया धुळ्याला झाल्या. एसटी सोनगीरवरून जायची, आणि किल्ला दिसला की माझ्या तोंडात ओकारीचे पाणी जमायचे. अजूनही जमते. बिचाऱ्या किल्ल्याचा काही दोष नाही. सुया संपल्यावर धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, पूर्ण स्तन काढावा लागेल. जळगावला जा, तिथे काढतात आणि पाहिजे असेल तर नवा बसवूनही देतात.

नवा बसवतात हे मला कळेना. दात बसवतात, खिडकी बसवतात.

बरोबर माझी मोठी जाऊ आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. आम्ही दोघी मिळून लग्नाकार्याचे मांडे करून देतो. परमुलखातल्यांना सांगते, मांडा म्हणजे आमची खानदेशी पुरणपोळी. ती लाटत नाहीत. सैल कणकेच्या उंड्यात (गोळ्यात) पुरण भरायचे, मग तो उंडा या हातावरून त्या हातावर टाकत, कोपरापर्यंत खेळवत पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर पसरायचा. दोन्ही हात वर असतात, पदर खोचलेला असतो, आणि बघायला सगळा मांडव असतो. तिथे लपायला जागा नाही. एक बाजू सपाट झाली तर मी तिथे कशी उभी राहणार, हे मी नवऱ्याला बोलले नव्हते, अक्कालाही नाही. पण तिला कळले होते.

नरडाण्याहून सकाळची पॅसेंजर पकडली. बेटावद गेले, अमळनेर आले. अमळनेरला अक्काने शेव-मुरमुरे घेतले आणि एकटीने खाल्ले, कारण मी नको म्हणाले. पाळधी सोडले की गिरणेचा पूल येतो. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे माझे हात गार पडले. पुढे प्रत्येक फेरीला पडले.

जळगावच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस आखूड. त्यांनी कागदावर बाईचे चित्र काढून सांगितले. काहीच न बसवता राहता येते. चोळीत घालायची गादी मिळते. पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणता येतो. किंवा इम्प्लांट बसवता येते. मग कपाटातून दोन-तीन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. पारदर्शक, मऊ, आतला रस दाबला तर दबणारा, सोडला की जागेवर येणारा. मी खाली बघत होते. अक्काने एक उचलून तळहातावर तोलला.

"हाऊ ते उंडाच शे व," ती म्हणाली (हा तर उंडाच आहे गं). तेव्हापासून आमच्यात त्याचे नाव उंडा पडले. "आनि लहानमोठाना पैसा?"

"जवळपास सारखेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तितलाच पैसा लागस ते मोठा ले ना!"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, उजव्या बाजूचे माप घेऊन तेवढाच घ्यायचा, तरीही दोन्ही अगदी सारखे दिसणार नाहीत. उजवा वयाप्रमाणे ओघळेल, डावा तिथेच राहील. मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही काम काय करता?"

मी म्हणाले, "घरीच."

"घर कसानं?" (घरी कसली?) अक्का उठलीच. टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि दवाखान्याच्या मधोमध या हातावरून त्या हातावर खेळवायला लागली. "हाई मांडा करस, बाई. असा हात वर करीसन. दिनभर!"

डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिले. म्हणाल्या, "मग पाठीचा स्नायू नको काढायला. हात असा वर-खाली करायला तो लागतो. आपण इम्प्लांट करू." असे माझे ठरले, नॅपकिनवर.

कापण्याचा खर्च सरकारी योजनेतून झाला. उंड्याचे पैसे मात्र आम्हाला भरायचे होते. अक्काने पाटल्यांसाठी बाजूला टाकलेले पैसे आणून माझ्या मांडीवर ठेवले. मी नको म्हणाले तर म्हणाली, "मन्हा हात काय पळी जाई ऱ्हायनात का?" (माझे हात काय पळून चाललेत का?)

पहिल्या ऑपरेशनात स्तन काढून आत एक रिकामी पिशवी ठेवली. चामडी एकदम ताणत नाहीत, फाटते. दर पंधरवड्याला जाऊन सुईने त्या पिशवीत थोडे थोडे मिठाचे पाणी भरायचे. सिस्टर लोहचुंबक फिरवून सुई टोचायची जागा शोधायची. सुई तेवढी दुखायची नाही, पण भरल्यावर छातीला लोखंडी पट्टा आवळल्यासारखे व्हायचे. उंडा सैल करायला आम्ही थांबतो, घाई केली तर मांडा फाटतो, हे मला ठाऊक होते. पण कणीक भीत नाही. मी भ्यायचे. गाडीत कुणाचे कोपर लागले आणि आतली पिशवी फुटली तर, हे एकच डोक्यात असायचे. म्हणून कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसायचे.

एकदा परतताना गर्दीत धरणगावला चढलेला एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी अक्काला म्हणाला, "माय, पिशवीमा काय शे? अंडा शेत का?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. अक्का म्हणाली, "हा नाना, अंडाच शेत. धक्का लागना ते फुटी जातीन. जरासा सरकी बसा."

अख्खे बाकडे सरकले. मी नरडाण्यापर्यंत ऐसपैस बसून आले.

दिवाळीच्या सुमाराला दुसरे ऑपरेशन झाले. पाण्याची पिशवी काढून खरा उंडा बसवला. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ सूचना दिल्या. तिथे स्पर्श कळणार नाही. काही वर्षांनी कडक झाला तर दाखवायला या. कधीतरी बदलावाही लागेल. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे नाही. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. आमच्या घरात गरम पाण्याची पिशवी नाहीच, त्यामुळे ते तर सोपेच वाटले. मला एकच विचारायचे होते. खापराच्या धगीने हा वितळेल का? ओठावर आले होते. पण मागे दुसऱ्या बायका बसल्या होत्या, एक कंपाउंडर उभा होता. मी विचारले नाही.

बाहेर आल्यावर अक्काने एका खाणावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) घेतली. तिथल्या आचाऱ्याने काटक्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकली होती. साली काळ्या पडून तडकत होत्या, आत गर पाघळत होता. मी बघितले आणि ताट बाजूला सारले.

नव्या उंड्याची सवय व्हायला वेळ लागला. थंडीत तो अंगापेक्षा गार असायचा. कुशीवर झोपले की वाटायचे, शेजारी कुणीतरी निजले आहे. हात वर केला की छातीचा स्नायू आवळायचा आणि उंडा जागचा हलायचा. पण ब्लाउज दोन्हीकडून भरला होता. पदर घेताना आरशात मी पहिल्यांदा पूर्ण पाहिले, आणि रडले नाही. चुलीजवळ मात्र जात नव्हते. स्वयंपाक गॅसवर, तोही हात लांब करून. घरातले समजले, दुखत असेल.

मग माघात शिंदखेड्याच्या बाजूचे एक लग्न आले. अक्का म्हणाली, किती दिवस लांब राहशील, हात तरी चालतात का बघ. डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिलेलीच होती. मी खापरापुढे जीव मुठीत धरून उभी राहिले. पहिला मांडा फाटला. दुसरा जमला. हात वर गेले, दोन्ही, पूर्वीसारखे. आणि गंमत म्हणजे डाव्या बाजूला धग लागतच नव्हती. उजवी बाजू चटचट भाजे, घाम फुटे, आणि डावीकडे गार शांत. मला वाटले, उंडा धग सहन करतो आहे, वितळायची भीती उगीचच होती. म्हणून मी डावी बाजूच पुढे करून उभी राहिले. दुपारभर.

संध्याकाळी न्हाणीत ब्लाउज काढला तर डावीकडे तळहाताएवढी लाल चामडी आणि मधोमध पाण्याने भरलेला फोड. दुखत काही नव्हते. दुखत नव्हते म्हणून तर जास्त भ्याले. मला वाटले, आतला उंडा वितळून बाहेर येतो आहे, फोडात आहे तोच त्याचा रस.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला आम्ही होतो.   मी पदराखाली ओला फडका धरला होता आणि सारखी बोटांचा वास घेऊन बघत होते, मेणासारखा वास येतो का. अमळनेरला शेव-मुरमुरेवाला आला, अक्काने त्याला हातानेच जा म्हटले. गिरणेच्या पुलावर मी डोळे मिटले. मनात म्हटले, एकदा काढला, आता दुसऱ्यांदा काढतील, आणि अक्काच्या पाटल्या चुलीत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाहिले, हलकेच दाबले, सोनोग्राफी केली. मी विचारायच्या आधी अक्कानेच विचारले, "इतळना का?"

"इम्प्लांट असा धगीने वितळत नाही," त्या म्हणाल्या. "तो जागेवर आहे. भाजली आहे ती वरची चामडी. तिथल्या नसा ऑपरेशनमध्ये गेल्या, म्हणून चटका कळला नाही. मी सांगितलं होतं ना, तिथे कळणार नाही?"

तेव्हा मला उमगले. स्पर्श कळणार नाही म्हणजे हात लावलेला कळणार नाही, असे मी समजले होते. चटकाही कळणार नाही हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. मी वितळण्याला भीत राहिले, आणि ज्याला भ्यायला हवे होते त्याला छाती पुढे करून उभी राहिले.

"आते बोल," अक्का माझ्यावर ओरडली. "इचारानं व्हतं तवय तोंड घर ठेई उनी व्हती का?" (विचारायचे होते तेव्हा तोंड घरी ठेवून आली होतीस का?)

मग डॉक्टरीणबाईंनी खरी भीतीची गोष्ट सांगितली. चामडी तिथे पातळ आहे. जखम खोल गेली, पू झाला, तर उंडा काढावा लागेल. भरली तर राहील. फोड फोडायचा नाही, मलम लावायचे, ताप आला तर लगेच यायचे.

ते दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येत नाही. दुखणे असते तर बरे झाले असते, दुखणे कमी झाले की माणूस समजतो. इथे विचारायला कुणी नव्हते. ती चामडी माझीच, पण गावाला गेलेल्या माणसासारखी, निरोपच देत नव्हती. अक्का रोज मलम लावताना बघायची आणि म्हणायची, "कालपेक्षा बरं शे." ते खरे की माझ्यासाठी, ते तिच्या तोंडावरून मला कधी ओळखता आले नाही. दोनदा जळगावला जाऊन आलो. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरली. राहिला तुमचा उंडा." त्यांच्या तोंडून उंडा ऐकून अक्का इतकी हसली की बाहेरच्या बायका डोकावल्या. निघताना मी स्वतः विचारले, मागे कंपाउंडर उभा असताना, "खापरापुढे उभी राहू का?" माझा आवाज मलाच नवा वाटला. त्या म्हणाल्या, अंतर ठेवून, जाड कापड बांधून, आणि घरी आल्यावर आरशात बघून.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमच्याकडे घरोघर खापर चढते. मी गोधडीचा जाड तुकडा ब्लाउजच्या आत डावीकडे शिवून घेतला. आणि उभे राहायची तऱ्हा बदलली. आता मी खापराशी तिरकी उभी राहते, उजवी बाजू पुढे. ती जिवंत आहे, तिला धग कळते. ती चटकली की मी मागे होते, आणि तिच्याबरोबर डावीही मागे होते. एकीने दोघींसाठी जागे राहायचे. बायका विचारतात, तिरकी का उभी राहतेस? मी म्हणते, सवय लागली.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या लग्नसराईत माझ्या वाटणीचे मांड्यांचे पैसे मी अक्काला देत गेले. शेवटचे राहिले होते ते मी या वर्षी जळगावला तपासणीला जाताना बरोबर घेतले. तपासणी नीट झाली. गिरणेच्या पुलावर हात गार पडलेच, ते आता पडतच राहतील. दवाखान्यातून आम्ही सराफ बाजारात गेलो. अक्काने पाटल्या निवडायला सगळे दुकान उभे केले. मी माझे पैसे काउंटरवर ठेवले. पाटल्या तिने हातात घातल्या नाहीत, गाडीत चोर असतात म्हणून डबीतच ठेवल्या.

परतीच्या गाडीत गर्दी होती. अक्का दोन्ही हातांनी डबीची पिशवी छातीशी धरून बसली होती, तोंडाचा रंग उडालेला. पाळधीला चढलेली एक बाई तिला खेटली आणि म्हणाली, "काय शे व माय पिशवीमा, इतली धरी बठनी?"

अक्काने पिशवी आणखी आवळून धरली.

"अंडा शेत," मी म्हणाले. "जराशी सरकी बस."

बाई सरकली. अक्काने माझ्याकडे पाहिले आणि नरडाण्यापर्यंत पदर तोंडाला लावून हसत राहिली. घरी आल्यावर तिने पाटल्या घातल्या, आणि माझ्या जावेचे देणे फिटले.